साठ वॅटची ऊब

जगातले झाडून सारे फ्रीज आतली वस्तू गार ठेवतात. सर्जेकोटच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर, सत्यवान मेस्त्रीच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात जो फिकट निळा, गंजून एका कुशीवर कललेला फ्रीज उभा होता, तो तेवढा गरम ठेवायचा. तारकर्लीच्या एका लॉजवाल्याने भंगारात काढलेला तो सांगाडा सत्यवानाने टेम्पोत घालून आणला, त्याचं पोट साफ केलं, आणि जिथे एके काळी पर्यटकांच्या भाज्या असत तिथे एक होल्डर बसवून साठ वॅटचा पिवळा बल्ब लावला. खाली एक भोक, वर एक भोक. खालून हवा शिरावी, तापावी आणि ओल घेऊन वरून निघून जावी. दार मिटल्यावर बल्ब पेटता आहे की गेला हे कळावं म्हणून दारालाही एक बारीक छिद्र पाडून त्यात संपलेल्या पेनाची नळी खोचलेली. त्या नळीतून उजेडाचा एक ठिपका समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडे. ठिपका दिसला की सत्यवान निर्धास्त.

पावसाळ्यात या किनाऱ्यावरची हवा ही हवा नसतेच, पातळ केलेलं पाणी असतं. पापड तळून ताटात वाढेपर्यंत त्याची भाकरी होते, काडेपेटी उशाखाली घेऊन झोपावं लागतं, आणि सत्यवान तर शपथेवर सांगे, की त्याच्या आज्याची मिशी आषाढात रोज सकाळी पिळून वळणीवर घालावी लागे. मिशीचं काय ते आज्याला ठाऊक. पण मे अखेरीस होड्या वर ओढल्या, की त्यांच्यावरचे वायरलेस सेट आणि मासे दाखवणारी यंत्रं काढून सत्यवानाच्या फ्रीजात आणून ठेवायची, हा वाडीचा शिरस्ता होता. घरात ठेवलं तर दोन महिन्यांत आतल्या पट्टीवर हिरवी बुरशी धरते. सत्यवानाकडे ठेवलं की नारळी पुनवेला जसंच्या तसं परत. एकोणीस होड्यांचे एकोणीस सेट, प्रत्येकावर मालकाच्या नावाची चिठ्ठी, एका बल्बाच्या उबेला कोंबडीखालच्या पिल्लांसारखे झोपलेले.

यंदा अठराच यायचे, तरी एकोणीस झाले. अठरा आल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, महादूची बायको नर्मदा टॉवेलात गुंडाळलेला एक सेट घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. महादू जाऊन तेव्हा नऊ-दहा महिने झाले होते आणि होडी बंदरावरच्या भाईंच्या मांगरात, शाकारलेल्या खोपीत, उपडी पडली होती. तिचा सेट आता कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

"दादानू, ह्यो पण ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतंय गो. पण तुका कित्याक होयो आता?"

"घरात ओल चढता तेका. बघवणा नाय."

ती जायला वळली, आणि पुन्हा थांबली. पायरीवरच्या शेवाळाकडे बघत तिने तो प्रश्न विचारला, जो वर्षभर ती त्याला विचारील म्हणून सत्यवान बंदरावर जायचा रस्ता बदलून जात होता.

"दादानू, तेंचो सेट चालू होतो मां?"

सत्यवान बोलण्यात कधी कोणाला हार जाणारा नव्हता. मेलेल्या ट्रान्झिस्टरच्या मालकालाही तो पाऊण तास हसत ठेवी. पण नर्मदेपुढे त्याची मालवणी एकाएकी आटली, आणि पंचायतीत अर्ज द्यायला गेल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलला, "सेट पूर्ण सुस्थितीत होता. मी स्वतः तपासून दिला होता."

"म्हणजे तेनी हाक मारूक नाय." ती जणू स्वतःलाच म्हणाली. "माझांच ऐकल्यानी."

तिचं कोणतं म्हणणं, ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. नारळ सोडल्यावर तिसऱ्या दिवशी महादू अंगात सणसणून ताप असताना एकटाच जाळी उचलायला निघाला. नर्मदेने आधी विनवलं, मग उंबरठ्यावरून सगळ्या शेजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं: जातास तर जावा, पण थंय बरां वाटणा नाय म्हणान मागीर माका हाक मारू नकात. मच्छीमार सोसायटीच्या खोलीतला वायरलेस दिवसभर खरखरत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या हाका आल्या, महादूची आली नाही. दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजूला होडी सापडली. जाळी होती, डबा होता, सेट होता. महादू नव्हता.

आता सत्यवानाला काय ठाऊक होतं ते सांगून टाकतो, कारण लपवण्यासारखं त्यात एवढंच आहे. त्या वर्षी मे महिन्यात फ्रीजातला पिवळा बल्ब उडाला. मालवणच्या दुकानात पिवळे बल्ब संपले होते, एलईडी तेवढे होते. नऊ वॅटचा, पांढराशुभ्र, दोन वर्षांची गॅरंटी. त्याने तो लावला. ठिपका कॅलेंडरवर असा काही लखलखीत पडला, की तारखा सोडून खालचं पंचांगही वाचता यावं. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे सत्यवानाला कळत नव्हतं असं नाही. त्या धंद्यात त्याचे केस पिकले होते. उद्या कुडाळला जाऊन पिवळा आणू, असं तो म्हणाला, आणि मग पाऊस लागला, आणि उद्या साठ दिवस लांबला. रोज ठिपका दिसे आणि रोज तो निर्धास्त होई. पुनवेआधी त्याने सगळे सेट जोडून पाहिले. कुणाला किंचित बुरशी होती, ती ब्रशने साफ केली. महादूचा सेट मागच्या कोपऱ्यात, ओली हवा शिरायच्या खालच्या भोकाशी होता. तोही लागला, खरखरला, दोन होडीवाल्यांचं बोलणंही त्यातून ऐकू आलं. ऐकू येतंय म्हणजे चालू आहे. बटण दाबून बोलून बघायचं तेवढं राहिलं.

होडी सापडल्यावर भाईंनी सेट त्याच्याचकडे आणून दिला होता. सत्यवानाने दाराला कडी घालून तो उघडला. ऐकण्याकडची बाजू शाबूत होती. बोलण्याकडच्या बाजूवर हिरवट पांढरी साय धरली होती, आणि ती साय एका दिवसाच्या खाऱ्या पाण्याची नव्हती, दोन महिन्यांच्या ओलीची होती. म्हणजे महादूला सगळ्यांचं ऐकू जात होतं. सोसायटीच्या खोलीतून त्याच्या नावाने संध्याकाळी ज्या हाका मारल्या, त्याही. सत्यवानाने ती साय स्पिरिटने पुसली, सुटलेले टाके पुन्हा डाग देऊन जोडले, सेट नव्यासारखा केला आणि नर्मदेला नेऊन दिला.

म्हणून यंदा त्याने कोणताही धोका पत्करला नाही. मार्चमध्येच तो नांदगावला गेला आणि हायवेवरच्या एका जुन्या दुकानाच्या माळ्यावरून धूळ खात पडलेले दहा पिवळे बल्ब हुडकून आणले. त्यातला एक लावला, हात लावून बघितला, चटका बसला तेव्हा त्याला बरं वाटलं. महादूचा सेट त्याने यंदा भोकाशी ठेवला नाही. सगळ्यांच्या मधोमध, बल्बाच्या नेमका वर ठेवला.

आषाढात वादळ झालं. देवबागकडे विजेचे खांब आडवे झाले आणि तीन दिवस सगळी वाडी अंधारात गेली. ठिपका नाही म्हटल्यावर सत्यवानाचं चित्त ठिकाणावर राहीना. जेवता जेवता तो उठे, दुकानात जाई, फ्रीजकडे बघे आणि परत येई. तोवर भातावर माश्या. "अवो, येक जागेर बसा तरी," शर्मिला, त्याची बायको, म्हणाली. "तुमी फेऱ्यो मारल्यात म्हणान काय वीज येवची नाय." तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने ठरवलं, की निदान सेट कोरड्या फडक्यात गुंडाळून घरातल्या चुलीजवळ तरी नेऊ, आणि फ्रीजचं दार उघडलं.

आतून ऊब आली.

थोडीथोडकी नव्हे. दार उघडल्यावर तोंडावर येते तशी. म्हशीच्या गोठ्यात शिरल्यावर येते तशी. सत्यवानाने आधी वायर बघितली. दुकानातला पंखा बंद, दिवा बंद. बल्बाला बोट लावलं, बल्ब दगडासारखा गार. दार मिटून तो स्टुलावर बसला आणि मनाशी म्हणाला, जाड पत्र्याचा फ्रीज आहे, कापसाचं अस्तर आहे, ऊब धरून ठेवत असेल. तीन दिवस? थर्मास धरतो एक दिवस. तो उठला आणि पुन्हा दार उघडलं.

एकोणीसही सेट खडखडीत कोरडे होते.

संध्याकाळी वीज आली, ठिपका कॅलेंडरवर पडला, आणि दुसरा कोणी असता तर विषय तिथे मिटवून चहा प्यायला गेला असता. सत्यवान गेला नाही. त्याने होल्डरमधला बल्ब काढला, खणात ठेवला, आणि फ्रीज तसाच मिटून ठेवला. सकाळी उघडला तर ऊब तीच. मग त्याने एकेक सेट बाहेर काढून बाकावर मांडला. अर्ध्या घटकेत सगळ्यांची अंगं निवली, पावसाळ्यात निवतात तशी, चिकट. एक निवला नाही. त्याला बॅटरी जोडलेली नव्हती, वायर जोडलेली नव्हती, आणि त्यावर नर्मदेच्या अक्षरात चिठ्ठी होती: महादू.

आता कोणी विचारील, त्यातून आवाज आला का? आला नाही. दिवा लागला का? लागला नाही. असलं काही घडलं असतं तर बरं झालं असतं. सत्यवान ओरडला असता, चार माणसं जमली असती, कोणी देवळात कौल लावला असता आणि गोष्ट मार्गी लागली असती. सेट नुसता गरम होता. चटका बसेल असा नव्हे. हात ठेवला तर काढावासा वाटू नये, पण राहिला तर काळजी वाटावी, इतका.

ही काळजी कसली, ते त्याच्या हाताला त्याच्या आधी कळलं. करोनाच्या दिवसांत घेतलेला पाऱ्याविना चालणारा, आकडे दाखवणारा थर्मामीटर घरात होता. तो त्याने आणला आणि सेटच्या मागच्या जाळीत खुपसून धरला. पीक-पीक वाजलं. एकशे दोन पूर्णांक चार.

भाईंच्या सेटला लावून बघितला. आकडाच येईना.

त्या दिवसापासून सत्यवान सकाळ, दुपार आणि दिवेलागण असा तीन वेळा ताप बघू लागला. ताप हा शब्द त्याने मनातही वापरला नव्हता. पण कॅलेंडरच्या चौकोनांत, जिथे ठिपका पडायचा तिथेच, तो आकडे लिही आणि आठवड्याभरात ते आकडे त्याला दवाखान्यातल्या खाटेला टांगलेल्या कागदासारखे दिसायला लागले. सकाळी शंभरच्या आसपास. दुपारपासून चढ. दिवेलागणीला एकशे तीन. बल्ब त्याने परत लावला नाही. लावायची गरजच नव्हती. त्या एकाच्या उबेवर बाकीचे अठरा कोरडे होते, गेल्या वर्षी सत्यवानाने जे करायला हवं होतं ते दुसरंच कोणी यंदा करत होतं, आणि निमूट करत होतं. ही गोष्ट त्याच्या मनात आली की तो बसलेला असेल तर उभा राही, आणि उभा असेल तर रस्त्यावर जाऊन येई.

आषाढ संपता संपता भाई आले. सत्तरीचे, तीन होड्यांचे मालक, बंदरावर त्यांच्या शब्दाला वजन. आल्या आल्या त्यांनी फ्रीज उघडून आत हात घातला; सेटांआडचा रिकामा होल्डर त्यांना दिसला नाही.

"सत्यवाना, बरी ऊब धरल्यान रे. शंभराचो घातलंस की काय?"

"साठाचोच."

"तुझ्या फ्रीजात बिअर ठेवली तर चाय होतली." स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. हसता हसता त्यांची नजर मधल्या सेटवर गेली. हसू विरलं. "महादूचो आणून दिल्यान तिणां?"

"व्हय."

"तुका सांगलंय मां मी? होडी गावली तेव्हा माईक खाली लोंबत होतो. वायरीर. मीच परत अडकवलंय."

"सांगलंत."

"तिका नाय सांगूक. कित्याक जीवाक लावून घेयत." भाई थांबले. "लाटेन पडलो असतलो, मरे. नाय?"

गेल्या वर्षी त्यांनी हेच विचारलं होतं आणि सत्यवानाने व्हय म्हटलं होतं. एकदा दिलेला शब्द दुसऱ्यांदा द्यायला फारसं बळ लागत नाही.

"लाटेनच," तो म्हणाला.

त्या दिवशी दिवेलागणीला आकडा एकशे चारच्या वर गेला.

आता इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, ज्याने तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं की दादानू, सगळां करा पण पाणी लागू देव नकात, त्याने काय करावं? त्याने स्वयंपाकघरातून वाडगाभर पाणी आणलं, त्यात चिमूटभर मीठ टाकलं, आपला रुमाल त्यात बुचकळून पिळला, घडी केली आणि ती सेटच्या पाठीवर ठेवली. घडी गरम झाली. ती बदलली. दुसरी ठेवली. अशा सात-आठ घड्या झाल्यावर पीक-पीक वाजलं तेव्हा आकडा एकशे एकवर उतरला होता, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा सत्यवान स्टुलावर पाठ टेकून बसला. इतका स्वस्थ, की शर्मिला दारात येऊन उभी राहिली हे त्याला कळलंच नाही.

"ह्यां काय करतास?"

"गरम झालोहा गो."

ती वाडग्याकडे बघत राहिली, रुमालाकडे, सेटकडे, आणि कॅलेंडरवरच्या आकड्यांकडे. शहाणी बाई होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या राखणदाराला, जागेच्या देवाला, नारळ ठेवून आली, आणि संध्याकाळी म्हणाली, "येक सांगू? तिका काय सांगूचा आसात तर सांगून टाका. मगे झोप तरी लागात."

"कोणाक?" सत्यवान म्हणाला.

"माका काय म्हायत," शर्मिला म्हणाली. "तुमी झोपेत नर्मदा, नर्मदा करतास. माझ्या जाग्यार दुसरी असती तर तिणां वायलोच अर्थ काढलो असतो."

त्याने ठरवलं. खरोखर ठरवलं. ती सेट न्यायला येईल तेव्हा सांगायचं, आणि मालवणीत सांगायचं: नर्मदा, सेट मेलेलो होतो गो. तेना हाक मारल्यान. माईक हातात घेवन मारल्यान. आमकाच आयकाक येवक नाय. हे चार वाक्यांचं गाऱ्हाणं तो घड्या बदलताना तोंडातल्या तोंडात घोळवी. पण घड्या ठेवल्या की सेटच्या जाळीतून पाणी आत झिरपे, तेही त्याला दिसे. ताप उतरवावा तर सेट भिजतो; सेट कोरडा ठेवावा तर ताप चढतो. दोन्हींच्या मध्ये तो वाडगा हातात घेऊन येरझाऱ्या घालत राही, आणि श्रावणातलं ऊन-पाऊस कौलांवर खेळत राही.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी नऊला नर्मदा आली. तोच टॉवेल, धुऊन घडी केलेला, तिच्या हातात होता. बंदरावर होड्यांना रंग देणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता; दुपारपासून मालक आपापले सेट न्यायला येणार होते.

"बस गो," सत्यवान म्हणाला. ती बसली नाही.

"दादानू, येक शेवटचां इचारतंय. परत इचारूचंय नाय." तिचा आवाज पाण्यासारखा सपाट होता. "माका रोज वाटता, तेना हाक मारल्यान असतली. मगे वाटता, मीच सांगलंय मारू नकात म्हणान, मगे कशी मारतले? ह्यां येक माका कळलां, की मी गप रवान. खरां काय तां सांगा. सेट चालू होतो?"

सत्यवानाने तोंड उघडलं. चार वाक्यं होती, पाठ होती. रस्त्याने भाई खाली बंदराकडे चालले होते, त्यांनी हात वर केला. फ्रीजात चिठ्ठ्या लावलेले अठरा सेट होते, वर्षानुवर्षं ज्यांच्या भरवशावर माणसं पाण्यात जात होती. आणि सत्यवानाच्या कानांवर आपलाच आवाज आला, स्वच्छ, शुद्ध, एकही काना-मात्रा न चुकलेला:

"सेट पूर्णपणे चालू स्थितीत होता. त्याने कॉल केला असता तर तो सर्वांना ऐकू गेला असता."

नर्मदेने मान हलवली. दोनदा. कुणी निरोप दिला की मिळाला म्हणून हलवतात तशी. मग ती त्याच्या बाजूने पुढे आली, फ्रीजचं दार उघडलं आणि आत वाकली. शोधणं नाही, चिठ्ठी वाचणं नाही. एकोणिसातून तिचा हात नेमका तिथेच गेला. तिने तळहात नाही ठेवला. हाताची उलटी बाजू ठेवली, क्षणभर पाठीवर, क्षणभर बाजूला, गळ्याशी ठेवावी तशी.

"अजून आसा," ती म्हणाली.

सत्यवान एक पाऊल पुढे आला. "काय?"

टॉवेल उलगडून तिने सेट त्यात घेतला, वारं लागू नये म्हणून वरचं टोक नीट दुमडलं, आणि उचलून खांद्याशी धरला. "घरा नेतंय," ती म्हणाली, पण ती सत्यवानाशी बोलत नव्हती. "हयसर तुमका कोण बघतलो."

पायऱ्या उतरून ती गेली. वळणावर तिने टॉवेलावरून एकदा हात फिरवलेला त्याला दिसला.

तो किती वेळ तसाच उभा होता कोण जाणे. भानावर आला तो ओलीच्या वासाने. फ्रीजच्या उघड्या दारातून गार, कुबट वास येत होता, विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. त्याने आत हात घातला. अठराही सेट ओलसर लागले. ज्या पत्र्यावर महादूचा सेट होता तिथे एक कोरडा चौकोन तेवढा राहिला होता, आणि तो बघता बघता कडांपासून आत ओला होत होता.

सत्यवानाची तारांबळ उडाली. दुपारी मालक येणार, उद्या नारळ, परवा अठरा होड्या पाण्यात. अजून तीन-चार तास होते. कडकडीत ऊब दिली तर वाळतील. त्याने खणातून साठ वॅटचा पिवळा बल्ब काढला, होल्डरात बसवला, बटण दाबलं. बल्ब पेटला. दार लावलं. ठिपका कॅलेंडरवर पडला, थेट पुनवेच्या चौकोनात. पेनाच्या नळीतून आलेला तो पिवळा, गोल, शहाणा ठिपका बघून गेल्या वर्षीसारखंच त्याला क्षणभर निर्धास्त वाटलं, आणि त्या वाटण्यानेच तो दचकला.

अर्ध्या तासाने त्याने दार उघडलं. सेट तसेच, गार. बल्ब झगझगत होता, तार लालभडक दिसत होती. त्याने बोट लावलं.

गार.

त्याने दुसरा बल्ब आणला, नांदगावच्या डब्यातला. तो पेटला, तोही गार. तिसरा. बोटाने नीट कळत नसेल म्हणून मग त्याने अख्खा तळहात बल्बावर ठेवला, आणि बोटं मिटून तो मुठीत धरला. बोटांच्या फटींतून लाल उजेड येत होता. पाण्यात बुडवून ठेवलेला काचेचा गोटा धरावा तसा तो बल्ब गार होता. उजेड होता, ऊब नव्हती. थोडी तरी लागेल म्हणून त्याने मूठ आणखी घट्ट केली, आणि डोळे मिटून वाट बघत राहिला. खाली बंदरावर कोणीतरी सेट न्यायला निघाल्याची हाळी दिली.

आतून, स्वयंपाकघरातून, शर्मिलेचा आवाज आला.

"अवो, बघा जरा, कायतरी जळता थंय. वास येता मांसासारको."

"नाय गो," सत्यवान म्हणाला, मूठ तशीच ठेवून. "हयसर सगळां गार आसा."